ताराक्काचं मनगट

सुनेच्या बांगड्या फुटल्या तर ताराक्काला काय मिळणार? गावाची शाबासकी, जावेचं तोंड बंद, आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं भुंड्या राहिलेल्या आपल्या हातांना घरातच सोबत. हा तिसरा लाभ तिनं कुणापाशी बोलून दाखवलेला नाही.

आज तिच्या लेकाचा, वसंताचा दहावा. पुरुषमाणसं घाटावर गेलीत. आता बायका येऊन सुनेचे, मंदाचे हात मोकळे करणार. वरवंटा मांडीशी घेऊन ताराक्का भिंतीला टेकते. डोळा लागतो न लागतो तोच समोर हौसा कासारीण. मरून दोन पावसाळे उलटले, तरी पानानं तोंड लालच.

"हात आण, तारे."

"रांडमुंड बाईचा हात गं कशाला? थट्टा करतेस?"

"मेल्यावर कसली आलीय सवाष्ण नि विधवा! सैल सोड."

हौसा अंगठ्याचं मूळ दाबते, हिरवी बांगडी सरकन चढवते. ओसरी कासाराची आहे. ओसरीखाली नदी वाहतेय. नदीत ताराक्काचंच माजघर, आणि त्यात बायका ओळीनं हात पुढं करून बसल्यात. ताराक्काच्या मनगटावर आहे तोच विळ्याचा वण जावेच्या मनगटावर. मंदाच्याही.

"हे काय गं, हौसाबाई?"

"जन्मभर गावाचे हात भरले, तुला काय वाटलं, किती होते? एकच होता. कोपरापुढं लुगडी तेवढी निराळी."

"आणि माझा वसंता?"

हौसाचं पान चघळणं थांबतं. "तोही ह्यातलाच. म्हणून तर तुझा हात रात्रंदिवस ठणकतोय."

वरवंटा ताराक्काच्या मुठीत आहे. ती मंदाच्या बांगड्यांवर घाव घालते. कळ स्वतःच्या मनगटातून उठते.

"आत्याबाई, रक्त!" मंदाच हलवून जागं करते.

ताराक्काच्या भुंड्या मनगटात हिरव्या काचेची कपची रुतलीय. मंदाच्या बांगड्या जागच्या जागी. दारात बायका, सगळ्यांच्या पुढं ताराक्काची जाऊ.

"चला, आटपा," जाऊ म्हणते. "फोडायच्यात ना?"

"फुटल्या." ताराक्का मनगट पुढं करते. "ही बघ काच."

"अगं, पण पोरीच्या हातात अजून—"

"आमच्यात हात एकच आहे. एकदा फोडून झालाय."

जाऊ तोंडाला पदर लावून वळते. संध्याकाळपर्यंत गावभर होणार. शाबासकी बुडाली, सोबतही बुडाली. मंदा पदराची चिंधी फाडून जखम बांधू लागते, तिच्या बांगड्या किणकिणतात. वसंता काही कुणाच्या पदरात परत पडला नाही. रिवाजाचं मोल मात्र चुकतं झालं, आणि ते ताराक्काच्या मनगटातून अजून ठिबकतंय.