पाथर्डी फाट्याचा फ्लॅट

घरातून निघतानाच मी नवऱ्याला बजावलं होतं, "फ्लॅट आवडला तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. भावाचं मी बोलेन." लग्नापासून आम्ही पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पाथर्डी फाट्याजवळचा हा फ्लॅट आम्हाला झेपेल असा पहिलाच, तोही ओढूनताणून.

ते हो म्हणाले. पण बाल्कनीचं दार उघडलं, समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसला, आणि बिल्डरच्या देखतच ते बोलून गेले, "अगं, सकाळचा चहा इथंच घ्यायचा!"

बिल्डर गालात हसला. त्यानंतर मी कितीही ताणलं तरी तो हलेना. "ताई, रेट फायनल आहे." शेवटी मी पर्स उचलली. "मग राहू द्या. आम्ही दुसरीकडे बघतो." आम्ही जिना उतरेपर्यंत तो हाक मारेल असं वाटलं होतं. नाही मारली.

पुढचे दिवस मला कुठेच धड बसवेना. ऑफिसात फाइल उघडली की फोन बघायचे. फोन वाजला की झडप घालायचे, आणि निघायचा गॅस एजन्सीचा. हे जेवताना "दुसरं गिऱ्हाईक आलं असेल," एवढंच म्हणायचे. "तो आपणहून फोन करेल," मी म्हणायचे, पण ते मलाच पटत नसायचं.

एका दुपारी राहवलंच नाही. अर्धी रजा टाकली, रिक्षा केली आणि थेट साइटवर गेले. तो म्हणेल त्या भावाला हो म्हणून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच. गेटपाशी यांची स्कूटर उभी! वर गेले तर हे बाल्कनीत, शेजारी बिल्डर.

मला बघून यांचा चेहरा उतरला. "मी सहज आलो होतो."

"मीपण," मी म्हणाले.

बिल्डर खो खो हसत सुटला. "आता कसला भाव करता, ताई?"

मला आमचा दोघांचाही राग आला. म्हटलं, "भाव राहू द्या. पण शेडमधलं पार्किंग आम्हाला, आणि तेही करारात लिहून. नाहीतर यांना घेऊन मी ही निघाले."

बिल्डरने यांच्याकडे पाहिलं. हे आत आले आणि हातातलं हेल्मेट डोक्यात घालू लागले.

"अहो, बसा बसा," बिल्डर म्हणाला. "देतो पार्किंग."

परतताना स्कूटरवर मी विचारलं, "अजून थोडं ताणलं असतं तर?"

"तर मला बीपीची गोळी सुरू झाली असती."

आता आम्ही तिथंच राहतो. खालच्या मजल्यावरच्या बाई त्यांना फ्लॅट कितीला पडला ते सांगायला लागल्या की मी अजूनही घाईघाईने विषय बदलते.