पास झालेल्यांच्या मागावर

उभ्या पुण्यात स्वस्थ न बसणाऱ्या माणसांची स्पर्धा घेतली, तर माझ्या बायकोचे मामा पहिले येतील. फक्त बक्षीस घ्यायला थांबणार नाहीत. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते नोकरीला आहेत. पास होऊन गेलेली मुलं सध्या कुठे काम करतात, ही माहिती कॉलेजला दरवर्षी लागते आणि ती गोळा करणं हे मामांचं काम. दुसरा कुणी असता तर मेसेज पाठवून चहाला गेला असता. मामांना मात्र उत्तर आलं नाही की जेवण जात नाही. कोथरूडच्या एका लग्नात अक्षता टाकायला म्हणून ते स्टेजवर चढले आणि नवरदेवाचा हात धरून म्हणाले, "अरे, तू आमच्याच कॉलेजचा! लग्नाचं कळलं, नोकरीचं काय?" वधूपिता तेव्हापासून मामांशी बोलत नाहीत.

मागच्या वर्षी कसबा पेठेतली एक मुलगी त्यांचा फोन उचलेना. "जावईबापू, स्कूटर काढा," भर दुपारी मामा दारात हजर. तिला घेतलेल्या कंपनीने ऐनवेळी सगळ्यांच्या नेमणुका रद्द केल्या होत्या, हे त्यांनी मला वाटेत सांगितलं. मुलीच्या वडिलांचं तांब्याची भांडी घडवायचं दुकान. ठोकता ठोकता ते अभिमानाने म्हणाले, "ती कंपनीत असते. सकाळी डबा घेऊन जाते, ती संध्याकाळीच येते." मी तोंड उघडलं, तोच मामांनी माझ्या पायावर पाय दिला. "वा! तेच विचारायला आलो होतो."

मग संध्याकाळपर्यंत बसस्टॉपवर येरझारा. प्रत्येक बसमध्ये डोकं घालून बघणं. शेवटी एक कंडक्टर म्हणाला, "काका, चढायचंय की तपासणी चाललीय?"

मुलगी उतरली. मामांना पाहून तिचा चेहरा उतरला. "सर, बाबांना सांगितलंत?"

"नाही. ते तू सांगायचंस. मी नुसता शेजारी उभा राहतो."

दुकानात तिने एका दमात सांगून टाकलं. नोकरी लागलीच नव्हती. रोज अभ्यासिकेत बसून ती अर्ज करत होती. हातोडी थांबली. वडिलांनी ती खाली ठेवली.

"मग डबा कुठे खात होतीस?"

"तिथल्या जिन्यात."

"उद्यापासून घरी जेव," ते म्हणाले आणि पुन्हा भांड्याकडे वळले. पण हातोडी काही उचलली नाही.

कॉलेजात मामांचे साहेब वैतागले. "अहो, घरचेच नोकरी आहे म्हणतात, तर तसंच लिहा की!" मामांनी 'शोधते आहे' असं लिहिलं आणि त्यांची बोलणी खाल्ली.

काही महिन्यांनी तिला एका लहानशा कंपनीत खरंच काम लागलं. तिने आपणहून फोन केला. मामा पेढे घेऊन आमच्याकडे आले. एका हाताने मला पेढा देत होते, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावलेला. पलीकडे रिंग वाजून वाजून थांबली.

"हडपसरचा मुलगा आहे. उचलत नाही," मामा म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "बरं चाललं असेल ना हो त्याचं?"

"असेल," मी म्हणालो.

मामांनी पुन्हा नंबर लावला.