विसाव्याच्या पुढची वाट

धुळ्यात घराजवळच्या एका शाळेच्या मैदानावर मी पहाटे चालायला जाऊ लागलो, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले म्हणून जातो, असे मी सर्वांना सांगत असे. ते खरे नव्हते. डॉक्टर गेली अकरा वर्षे सांगत होते आणि त्या अकरा वर्षांत मी त्यांच्या दवाखान्याच्या जिन्याखेरीज काही चढलो नव्हतो. माझे वजन तेव्हा एकशे एकतीस किलो होते. मी चालू लागलो तो आईच्या एका प्रश्नामुळे, आणि त्या प्रश्नाच्या मुळाशी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट होती. ती आधी सांगणे भाग आहे.

वडील गेले ते आमच्या गावी, पारोळा तालुक्यात. घरापासून नदीकाठच्या स्मशानापर्यंतचे अंतर दीड किलोमीटरच्या आसपास आहे. आमच्याकडे थोरल्या मुलाने विस्तवाचे मडके दोरीच्या शिंक्यात धरून तिरडीच्या पुढे अनवाणी चालायचे असते. अर्ध्याहून थोड्या अधिक वाटेवर, गाव संपते तिथे, एक दगडी ओटा आहे. त्याला विसावा म्हणतात. तिथे तिरडी घटकाभर टेकवतात, खांदेकरी आपल्या जागा बदलतात आणि सोबत आलेल्या बायका तिथूनच घरी परततात. मडके धरणाऱ्याने मात्र तिथे बसायचे नसते. मी बसलो.

बसलो, हा शब्दही मी माझ्या सोयीचा वापरतो आहे. माझे गुडघे आपोआप वाकले, मी ओट्याच्या कडेला टेकलो आणि मग मला उठता आले नाही. दोघांनी काखेत हात घालून पाहिले. कोणीतरी म्हणाले, "राहू द्या, भाऊंना पाणी द्या." माझा चुलत भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, गावातच शेती करतो. त्याने एक शब्दही न बोलता माझ्या हातातले मडके घेतले आणि तो पुढे चालू लागला. उरलेली वाट मी एका मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून गेलो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसांच्या मागोमाग. चालवणाऱ्याने एकदा मान वळवून विचारले, "भाऊ, नीट बसले ना?" वडिलांच्या शेवटच्या प्रवासात मला विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न.

विसाव्यावरून परतलेल्या बायकांनी ही हकिकत घरी आईला सांगितलीच असणार. ती सुतक फिटण्याच्या, गंधमुक्तीच्या दिवसापर्यंत काही बोलली नाही. पाहुणे पांगल्यावर मी धुळ्याला निघालो, तेव्हा ती गाडीच्या खिडकीशी आली. आम्ही तिला माय म्हणतो. तिने काचेवर हात ठेवला आणि अगदी सहज विचारले, "मन्हा येळले तू चालशी ना रे भाऊ?"

माझ्या वेळी तू चालशील ना. मी "हो" म्हणालो आणि धुळ्यापर्यंत रेडिओ लावला नाही.

माझी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यातली. पंचविशीत मी रावेर भागात होतो. केळीच्या बागांतून, पाण्याच्या पाटांतून, साखळी ओढत दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालत असे आणि संध्याकाळी पुन्हा चालतच एसटी स्टँड गाठत असे. पुढे बढती मिळाली, टेबल मिळाले, टेबलावर इतरांनी चालून केलेले नकाशे येऊ लागले. शरीर एका दिवसात वाढत नाही. पण मी त्याला अडवले असा एकही दिवस मला आठवत नाही. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, हिवाळ्यात जळगावच्या मित्राच्या शेतावरचे भरीत आणि तिथे माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली पुऱ्यांची परात, यांतले काहीही कोणी माझ्यावर लादलेले नव्हते.

मैदानावर पहिल्या दिवशी मी अर्धी फेरी चाललो आणि झेंड्याच्या कट्ट्यावर बसून राहिलो. तिथे पाच-सहा निवृत्त मंडळी रोज फिरायला येत. त्यांच्यातले एक जण जवळून जाताना म्हणाले, "सावकाश, साहेब. मैदान कुठे पळून जात नाही." ते चांगल्या मनाने म्हणाले होते. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटल्या. पत्नीने खोबरेल तेल लावून दिले आणि गुडघ्यापर्यंतच्या सुती चड्ड्या शिवून दिल्या. बुटांच्या नाड्याही तीच बांधत असे, कारण माझा हात पायापर्यंत पोहोचत नसे. एकदा नाडीची गाठ मारता मारता तिने विचारले, "एवढं मनावर घ्यायला झालं तरी काय?" मी म्हणालो, "साखर वाढली आहे." माझ्या पायाशी बसलेल्या बाईशी मी खोटे बोललो.

चार महिन्यांनी मी मध्ये एकदा थांबून तीन फेऱ्या पूर्ण करू लागलो. वजन एकशे सत्तावीसवर आले आणि तिथेच अडले. मैदानाचा परीघ मी मोजला होता. तीन फेऱ्या म्हणजे आमच्या घरापासून नदीपर्यंतचे अंतर. पण मैदान सपाट होते, पायांत बूट होते, हात रिकामे होते. मोजणीच्या माणसाला कच्चे टिपण चालत नाही. जागेवर जाऊन खात्री करावी लागते. एका शुक्रवारी मी कोणालाही न कळवता उशिरा गावी पोहोचलो आणि शनिवारी उजाडताच, माय मागच्या अंगणात असताना, बाहेर पडलो. अंगात पांढरी बंडी आणि लेंगा, डोके उघडे, पाय अनवाणी, घाम टिपायला खांद्यावर टॉवेल. हातातही काहीतरी असायला हवे, म्हणून मायचे दही विरजायचे रिकामे गाडगे दोरी बांधून हाती धरले होते.

आज हे लिहिताना मला माझेच नवल वाटते. त्या गावात जन्मलेल्या माणसाला आपण कसे दिसत असू, एवढे कळू नये? पण माझे सगळे लक्ष श्वासाकडे होते.

गल्लीच्या तोंडाशी शेजारचे आबा ओट्यावर बसलेले असतात. त्यांची नजर अधू आहे. मी समोरून गेलो तेव्हा ते उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला वाटले, थोरला साहेब म्हणून मान देत आहेत. बोलायला दम नव्हता, म्हणून मी नुसती मान लववली आणि टॉवेलने डोळ्यांवरचा घाम पुसला.

विसाव्यापर्यंत मी पोहोचलो. बसलो नाही, शेजारच्या कडुलिंबाच्या झाडाला टेकून उभा राहिलो. छातीत भाता चालू होता आणि डाव्या गुडघ्यात कोणी पाचर ठोकावी तसे दुखत होते. पुढे नदीकडे उतार होता. मी त्या उताराकडे पाहिले आणि परत फिरलो. दर वीजखांबाशी थांबत घरी यायला मला जवळजवळ तास लागला.

अंगण माणसांनी भरले होते. दोन बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या. आबांनी घरोघरी निरोप दिला होता. आणि दारात माय सूप मांडीवर घेऊन तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसली होती.

"मी जित्ती शे ना आजून," ती त्यांना सांगत होती. "रडाले काय व्हयनं तुम्हले?"

"पण आबांनी सांगितलं, भाऊ मडकं घेऊन गेले," एक जण म्हणाला.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात गाडगे होतेच. तेवढ्यात चुलत भाऊ शेतातून धावत आला, पिंडऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेला. त्याने मायकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पुढे होऊन माझ्या हातातले गाडगे काढून घेतले. तोच हात, तसाच. त्याने ते ओट्यावर ठेवले.

आबा काठी टेकत पुढे आले. "मी टोपी काढी, तू मान हालावी," ते मला म्हणाले. "मंग मी काय समजू रे भाऊ?"

माय सूप बाजूला ठेवून उठली. "उनाच शेतस ते च्या पीसन जा," ती जमलेल्यांना म्हणाली, आणि तिच्यासाठी रडायला आलेल्या वीस-बावीस माणसांना तिने स्वतः उभे राहून चहा दिला. माझी बहीण रावेरला दिलेली आहे. तिलाही कोणी फोन केला होता आणि रडण्याच्या भरात ती नंतर फोन उचलत नव्हती. तिने उचलला तेव्हा ती एरंडोलपर्यंत आली होती. "एवढी आलेच आहे, तर मायचं तोंड पाहूनच जाते," ती म्हणाली. ती आली, मायच्या कुशीत लहान मुलीसारखी बसली, आणि जेवताना माझ्याशी बोलली नाही. पानात भाकरी वाढून घेताना एवढेच म्हणाली, "दादा, तुला सराव करायचा होता, तर धुळ्यात लोक मरत नाहीत का?" माय हसली. मला हसता आले नाही.

बहीण गेल्यावर, उन्हे कलली तेव्हा, मायने चपला घातल्या. "चाल, मी बी येस," ती म्हणाली.

ब्याऐंशी वर्षांची, माझ्या तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाची ती बाई माझ्या पुढे चालत होती आणि दर थोड्या वेळाने थांबून माझी वाट पाहत होती. सवयीसाठी मी पुन्हा अनवाणीच होतो. विसाव्याच्या ओट्यावर ती सरळ मांडी घालून बसली. मी म्हणालो, "माय, तिथं नको बसू."

"आठेन पुढे मी कधी गई नही," ती म्हणाली. सासू गेली, नवरा गेला, पण बायकांची वाट तिथेच संपते. "तू जाईसन ये. मी आठे बशेल शे."

मी निघालो. उतारावर वळणाशी एक बाभूळ आहे. तिच्यापलीकडे गेलेला माणूस विसाव्यावरून दिसत नाही. मी बाभळीपर्यंत गेलो, वळलो आणि थांबलो. तिथून नदीची वाळू दिसत होती; पाच साखळ्यांपेक्षा, म्हणजे शंभरेक मीटरपेक्षा, अधिक अंतर नसेल. गुडघ्यामुळे पाऊल पुढे पडेना. मी एका हाताने खोड धरून उभा राहिलो. नदीपर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ मी मनात मोजला, आणि मग परतलो. आयुष्यभर इतरांच्या जमिनींच्या हद्दी माझ्या सहीने ठरल्या. स्वतःच्या आईपुढे मी एक खोटी मोजणी सादर केली.

"जाई उना?" तिने विचारले.

"हो. जाऊन आलो."

तिने माझ्या पायांकडे पाहिले. मग ओट्याला हात टेकून उठली आणि घराकडे चालू लागली.

घरी तिने मला मोरीच्या कडेला उभे केले आणि तांब्याने माझ्या पायांवर पाणी घातले. खाली वाहिली ती रस्त्याची तांबडी माती. आमच्या नदीची वाळू पांढरी आहे, बारीक आहे, ती बोटांच्या बेचक्यांत धरून बसते. स्मशानातून परतलेल्या माणसांनी उंबऱ्यात आणलेली ती वाळू मायने उभ्या आयुष्यात किती वेळा झाडून काढली असेल. खरे काय ते मी तेव्हाच सांगायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघण्याच्या तयारीत असताना तिने चुलत भावाला बोलावून घेतले आणि माझ्यादेखतच सांगितले, "मडकं हाऊच धरी. तू यान्हा जोडे चाल. पन यान्हा हातमाइन लेजो नको."

मडके मीच धरीन; त्याने फक्त माझ्या जोडीने चालायचे, हातातून घ्यायचे नाही. चुलत भाऊ खाली मान घालून म्हणाला, "आणि भाऊ बसले तर?"

"हाऊ बसना ते तुम्ही बठ्ठा थांबा," माय म्हणाली. "मी काय घाईमां शे का?"

चुलत भाऊ तोंडावर उपरणे धरून हसला. मी गाडीत जाऊन बसलो.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. मैदानावर मी चार फेऱ्या चालतो, पण त्या चारांत तीनदा थांबतो. वजन एकशे पंचवीसच्या खाली उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याची शस्त्रक्रिया करायची तर आधी वजन उतरवा. वजन उतरवायचे तर चालायला हवे, आणि चालायचे तर गुडघा हवा. हे सगळे त्यांना ठाऊक आहे, मलाही. आम्ही दोघे काही वेळ टेबलावरच्या कागदाकडे पाहतो, मग मी उठतो.

महिन्यातून एका शनिवारी मी गावी जातो. संध्याकाळी माय चपला घालते. ती विसाव्यावर बसते, मी उतारावर जातो. बाभळीच्या पुढे मी अजून गेलेलो नाही. मागच्या खेपेला गल्लीत एका घराच्या बांधकामासाठी नदीच्या वाळूचा ढीग पडलेला होता. परतताना माय पुढे गेली आणि मी त्या ढिगापाशी थांबलो. मूठभर घेऊन पायांना चोळावी, असे मनात आले. मला तेवढे वाकता आले नसते, म्हणून ते राहिले. वाकता आले असते तर मी काय केले असते, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा माय तांब्या भरून मोरीशी उभी होती. "पाय पुढे कर," ती म्हणाली. मी केले.