सुनेच्या हातचा चहा

चोपडा तालुक्यातलं ते प्रकरण आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. त्या दिवसांत मात्र कोणालाच हसू येत नव्हतं.

सत्तरीचे एक आबा माझ्या पोलीस ठाण्यात आले. सून चहात काहीतरी कालवते, चव बदलली आहे, पोटात आग पडते, अशी तक्रार. अंमलदाराने डायरीत नोंद घेतली, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला आणि माझी झोपच उडाली. आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, भरपूर निघाला होता.

सून पिंप्राळ्याची, तोंडाची फटकळ. पंचनामा करून आम्ही चहा-साखरेचे डबे जप्त केले, तेव्हा ती ताठ मानेने उभी होती. आबांना मधुमेह म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून साखर कमी केली, आणि त्याच पातेल्यातला चहा सगळं घर पितं, एवढंच तिचं म्हणणं. गावाने तिला केव्हाच खुनी ठरवलं होतं, आणि अटक का नाही, असं वरूनही विचारू लागले. मला काही ते पटेना. घरातले बाकी सगळे ठणठणीत होते.

मी प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. त्यांनी उलट मलाच विचारलं, नमुन्याआधी दोन-तीन दिवसांत आबांनी मासे खाल्ले होते का? समुद्राच्या मासळीतही एका प्रकारचं आर्सेनिक असतं. ते बाधत नाही, पण साध्या तपासणीत आकडा फुगवतं. विषारी प्रकार वेगळा मोजावा लागतो.

मासे? आणि श्रावणात? आबांनी कानाला हात लावले. मी शिपायाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि शांतपणे म्हणालो, "आबा, सूनबाईच्या अटकेची तयारी झाली आहे. करू अटक?"

खाली बघत ते पुटपुटले, "श्रावण शे ना साहेब. बठ्ठं गाव काय म्हनी?" सगळं गाव काय म्हणेल, हीच त्यांना धास्ती.

मित्राच्या मळ्यात आबा रोज सुके बोंबील भाजायचे, वर मिरचीचा ठेचा! पोटात आग पडेल नाही तर काय होईल? मासळी बंद करून पुन्हा नमुना घेतला, प्रकार वेगळे मोजून घेतले. विषारी आर्सेनिक चारचौघांच्या लघवीत असतं तेवढंच.

पोलिसांच्या धाकाने खोटं बोलणारे मी ढिगाने पाहिले. पण चार बोंबलांची लाज झाकायला सुनेला तुरुंगाच्या दारात उभं करणारा भला माणूस तिथेच पाहिला. तेव्हापासून तक्रारदार काय सांगतो ते लिहून घेतल्यावर, तो काय सांगायला लाजतोय हेही मी शोधू लागलो.

दोघांना समोर बसवून निकाल सांगितला. आबांना रडू कोसळलं. सूनबाईने पदर खोचला आणि उठता उठता म्हणाली, "उद्यापासून सकाळचा चहा तुम्ही करायचा, आबा. मी पिईन, बिनघोर."