राजा बसला तो दगड

आमचे धाकटे भाऊजी तोंड उघडायच्या आत खोटं बोलून मोकळे होतात. गावाबाहेरच्या बंगल्याची राखण त्यांच्याकडे, स्वयंपाक माझ्याकडे. आसपास पाहण्यासारखं म्हणाल तर एक टेकडी, तिच्यावर एक दगड आणि खाली तळं. एवढ्या भांडवलावर ते वर्षानुवर्षं पाहुणे रिझवत आले. दगडावर म्हणे हरलेला राजा बसला होता. तळ्यात देवळाची घंटा बुडाली आहे. पाहुणी देखणी असली तर राणीसुद्धा बुडते.

परवा मालकीणबाई आल्या. बंगला ठेवायचा की विकायचा, हे त्या एका फेरीत ठरवणार होत्या. विकला की भाऊजींची नोकरी आणि मागची खोली, दोन्हींवर पाणी. अशा वेळी देव पाठीशी हवा, म्हणून मी सकाळीच भाऊजींना देवासमोर उभं केलं. "आज एक शब्द खोटा बोलाल तर माझं मेलेलं तोंड पाहाल!"

"देवाला काय जातंय, वहिनी? त्याचं घर पक्कं आहे," ते कुरकुरले. पण शपथ पाळली. आणि काय पाळली!

टेकडीवर मालकीणबाईंनी विचारलं, "हे काय आहे?"

"दगड."

"आणि ते?"

"तळं. जळवा आहेत."

"इथून अजून काय दिसतं?"

"बंगल्याची गळकी बाजू."

मी चहाचा थर्मास घेऊन मागेच उभी. बाईंनी जांभई दिली आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, विकूनच टाकू."

भाऊजींचा चेहरा पाहवेना. मी मनात म्हटलं, देवा, शपथ त्यांना घातली आहे, मला नाही. तेवढं सांभाळून घे.

"बाई, त्या दगडावर राजा बसला होता," मी म्हटलं. "लढाई हरला आणि ढसाढसा रडला. त्या आसवांचंच हे तळं."

फोन कानावरून खाली आला. "खरंच?"

"माझ्या सासूबाई सांगायच्या." सासूबाई जन्मात कधी या टेकडीवर चढल्या नव्हत्या.

बाईंनी दगडावरून हात फिरवला, मग त्यावर बसून तळ्याकडे बघत दोन कप चहा रिचवला. बंगला राहिला. आता मैत्रिणींना घेऊन येणार आहेत, राजा दाखवायला.

उतरताना भाऊजी वळून वळून तळ्याकडे बघत होते. आभार मानायला शब्द शोधत असतील, असं मला वाटलं.

"वहिनी," शेवटी ते फणकारले, "आसवांचं तळं? काहीही? खाऱ्या पाण्यात माझी घंटा गंजली ना!"