करवलीचा करा, नवरदेवाचा कान

माझ्या लग्नात मला नवरदेवापेक्षा काळजी होती ती माझ्या एकुलत्या धाकट्या भावंडाची. जन्मलं मुलगा म्हणून. कपडे कधी असे, कधी तसे; कानात मात्र कायम बारीक बाळ्या. दुपारी शेतात ट्रॅक्टर चालवणार आणि संध्याकाळी माझी खजूरवेणी घालणार. एकदा विचारलं तर म्हणालं, "ताई, मले रोज एकसारखं नाही वाटत. कधी पोरगं, कधी पोरगी, आन बरेच दिवस नुसतं मी." मला सगळं कळलं असं नाही. पण ते खरं बोलतंय, एवढं कळलं.

आमच्याकडे लग्नात नवरीची बहीण करवली होते, पाण्याचा करा घेऊन तिच्या मागं उभी राहते. भाऊ होमाच्या वेळी नवरदेवाचा कान पिळतो. दोघांनाही सासरकडून मान असतो, तिला साडी, त्याला शर्ट-पॅन्टचं कापड. मामांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फर्मान काढलं: 'करवली मावसबहीण होईल. धाकट्याने फक्त कान पिळावा. बाळ्या काढून यावे.' आमचे मामा म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला!

बाबांनी ते वाचून फोन खिशात ठेवला. तहसिलीत कारकुनी करता करता त्यांना गप्प बसायची सवयच लागली होती. धाकटं हसत म्हणालं, "मी वाढप्यायसंग थांबतो ताई. मांडवात कायले येऊ?" मी आईला सांगून टाकलं, "ते माह्या मागं नसलं, तर मी बोहल्यावर चढत नाही."

वडनेरला, आमच्या दारच्या मांडवात, ते जांभळा कुर्ता घालून आलं. कानात बाळ्या, हातात करा. बायका कुजबुजल्या, मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. होमाच्या वेळी भटजींनी विचारलं, "नवरीचा भाऊ कुठंय?" धाकट्यानं करा आईकडे दिला, पुढं आलं आणि कान असा पिळला की नवरदेव खरोखर ओरडला. अख्खा मांडव हसला.

मग मानाचं ताट आलं. त्यात साडी होती आणि कापडही. सासूबाई बिचाऱ्या गोंधळल्या. "आता याले काय द्याचं?"

"कापड द्या. अजून काय?" मामा म्हणाले.

धाकट्यानं मान खाली घातली. तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी उभे असलेले बाबा पुढं आले.

"दोन्ही द्या," ते म्हणाले. "बहिणीचं काम माह्या लेकरानंच केलं, भावाचंही त्यानंच केलं. दोन्ही मान त्याचेच हायेत."

धाकटं त्यांच्या पाया पडायला वाकलं. बाबांनी वाकू दिलं नाही. साडीची घडी त्यांनी स्वतः त्याच्या खांद्यावर ठेवली, आणि हात तिथंच राहू दिला.

पाठवणीला मी रडले नाही म्हणून बायकांनी नावं ठेवली. मी माझं सगळं त्या मानाच्या ताटापाशीच रडून घेतलं होतं.