मॅडम आरसे हलवून ठेवायच्या

प्रकाशाच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम रोज घरी जाताना सगळ्या टेबलांवरचे आरसे हलवून ठेवायच्या. बावीस वर्षं! मुलांनी दोन-दोन तास डोळे फोडून आरसे जुळवावेत, पडद्यावर लेझरची लाल वलयं यावीत, आणि ह्या बाईंनी दोन बोटांनी स्क्रू पिळून त्या मेहनतीवर पाणी फिरवावं. "आयतं मिळालं की कुणी शिकत नाही," म्हणायच्या. त्या आरशांची स्टँड वर्कशॉपात मी बनवतो, म्हणून मला जरा जास्तच राग यायचा.

मुलंही दहा दिशांची. एकाच टेबलावर जीवशास्त्राची मुलगी, चित्रकलेचा मुलगा आणि मशिनं शिकणारा एक आडदांड. पहिल्या दिवशी एकमेकांचं बोलणं कळायचं नाही. महिन्याभरात एकाच स्क्रूवरून भांडायची.

यंदा वरून फतवा आला. समिती पाहणी करणार, पटलं नाही तर खोली बंद आणि सगळे प्रयोग कॉम्प्युटरवर. आदल्या दिवशी मॅडम मुलांबरोबर सहापर्यंत राबल्या. चारही टेबलांवर वलयं आली.

"आज हात लावू नका हं," मी दारातून बजावलं.

"वेड लागलंय का मला?"

सकाळी समिती आली, तर चारही पडद्यांवर नुसते लाल ठिपके. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. मुलांनी बाह्या सरसावल्या, पण दहाव्या मिनिटाला अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, "बरं, येतो," म्हणाले आणि चालते झाले. वलयं आली चाळिसाव्या मिनिटाला. जीवशास्त्रवालीनं प्रकाशाच्या वाटेखाली तळहात धरला, तशी हाताच्या उबेनं वलयं वाकली. मुलं ओरडली. मला मात्र रडूच आलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. खोली बंद. तोवर मॅडमचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं, की समितीपुढेही बाईंनी तत्त्व सोडलं नाही. कँटीनमध्ये हे मीच तिखटमीठ लावून सांगत होतो. त्यांनाही सांगितलं.

मॅडम स्टुलावर बसल्या.

"तत्त्व कसलं हो, दादा? मला ते तसंच ठेवायचं होतं. दमले होते. दिवे बंद करायला गेले आणि हात आपला सवयीनं फिरत गेला. सकाळी पडदा बघेपर्यंत मला पत्ताही नाही."

मी शेजारचं स्टूल ओढून बसलो.

"मुलं माझ्यासाठी टाळ्या वाजवतात," त्या म्हणाल्या. "त्यांना खरं सांगायचंय. तुम्ही चला बरोबर. मला एकटीला नाही जमणार."